तिळाचा सिनेमा

शशिकांत टिपणिसाला कुठलीही गोष्ट सरळ करता यायची नाही. माणूस स्वभावानं गरीब, कुणाच्या अध्यात ना मध्यात, पण साधं 'नको' म्हणायचं झालं तरी तो आधी तीन गल्ल्या फिरून येणार. कारखान्यात रजा हवी असली की साहेबांकडे जाऊन मागायची, एवढंच काम. पण शशिकांत आधी कँटीनवाल्याच्या कानावर घालणार की पनवेलच्या मामांची तब्येत बरी नाही. कँटीनवाला ते फोरमनला सांगेल, फोरमन साहेबांना सांगेल, असा त्याचा अंदाज. मग आपण उदास चेहरा करून साहेबांच्या केबिनवरून येरझाऱ्या घालायच्या. एकदा साहेबांनीच त्याला आत बोलावलं आणि म्हणाले, "टिपणीस, रजा हवी असेल तर घ्या की. असे भुतासारखे काय फिरताय?" त्या दिवशी रजा मिळाल्याचा आनंद त्याला झालाच नाही. मामांचं एवढं रचलेलं आजारपण वाया गेलं, याचंच त्याला वाईट वाटलं.

हसू येतं, पण हा द्राविडी प्राणायाम त्यानं हौसेनं उचललेला नव्हता. आईवडील तो लहान असतानाच गेले. मग काही वर्षं रोह्याला काकांकडे, काही वर्षं पनवेलला मामांकडे, असा तो वाटून वाढला. कुणी छळ केला नाही. पण दुसऱ्याच्या घरात वाढणाऱ्या मुलाला मागायची चोरी असते. भूक लागली तर तसं म्हणायचं नाही. स्वयंपाकघरात जाऊन पाण्याचा तांब्या जरा आवाज करून खाली ठेवायचा, म्हणजे मामीचं लक्ष जातं. हवं ते मिळायचं, आणि कुणी 'नाही' म्हणायची वेळही यायची नाही. पुढे सुहासिनीआत्यानं त्याला बदलापूरला आपल्याकडे आणलं. ती एकटी, विधवा, हात सढळ. तिनं त्याला पोटभर वाढलं, वाढता वाढता विचारलंही. पण तोवर खोड हाडात मुरली होती.

तर असा हा शशिकांत अंबरनाथला आनंदनगरच्या एका रंगाच्या कारखान्यात सुपरवायझर होता आणि बदलापूर पश्चिमेला मांजर्लीत भोईरांच्या चाळीत आत्याबरोबर राहत होता. तिशी उलटली होती. चाळीच्या टोकाच्या खोलीत विष्णुपंत चौबळ आणि त्यांची मुलगी वृंदा राहायची. विष्णुपंत हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले, बायको गेलेली, जीभ अजून नोकरीत असल्यासारखी तिखट. वृंदा अंबरनाथच्या एका औषधांच्या कंपनीत टेलिफोन ऑपरेटर होती. दिवसभर दुसऱ्यांचे फोन जोडून देणारी ही मुलगी स्वतः मोजकंच बोलायची. तिच्याशी आपलं लग्न व्हावं, ही एकच गोष्ट शशिकांतला आयुष्यात मनापासून हवी होती. आणि नेमकी तीच त्याला मागता येत नव्हती.

मागता येत नाही म्हणून तो स्वस्थ बसला असता तर बरं झालं असतं. पण नाही. वृंदा भाजी घ्यायला गेली की हा योगायोगानं भाजीबाजारात. ती पोस्टात गेली की याला योगायोगानं आंतरदेशीय पत्र हवं असायचं. एकदा तिची छत्री मोडलेली त्यानं पाहिली. दुसरा कुणी असता तर छत्री घेऊन दिली असती, नाहीतर गप्प बसला असता. शशिकांतनं चाळीच्या हळदीकुंकवात लकी ड्रॉ ठेवायची कल्पना काढली, बक्षीस म्हणून निळ्या फुलांची एक झकास छत्री आणली, आणि वृंदाच्या नावाची चिठ्ठी जाड कागदाची करून आत्याला बजावलं, "हाताला जाड लागेल ती काढ." आत्या देवभोळी बाई. तिला हे पाप वाटलं. तिनं डबा खळखळून हलवला आणि डोळे मिटून भलतीच चिठ्ठी काढली. छत्री भीमरावांच्या बायकोला लागली. भीमराव चाळीच्या गणेशोत्सव मंडळाचे अध्यक्ष. पुढचे दोन पावसाळे तो धिप्पाड गृहस्थ निळ्या फुलांची छत्री डोक्यावर धरून शशिकांतच्या नाकासमोरून जात-येत होता.

या मंडळाचा शशिकांत कार्यवाह होता, आणि गणपतीत एक सिनेमा आणणं हे त्याच्याकडचं काम. तेव्हा घरोघरी व्हिडिओचं खूळ सुरू झालं होतं, तरी चाळीला पडदाच लागायचा. उल्हासनगरच्या चार नंबर कॅम्पातून लधाराम नावाचा सिंधी आपलं सोळा मिलिमीटरचं मशीन घेऊन यायचा. मोकळ्या जागेत दोन बांबू रोवायचे, मध्ये पांढरा पडदा ताणायचा. मशीनच्या बाजूला मैदान. तिथे चाळीतले पुरुष आणि आजूबाजूचे येणारे-जाणारे बसत. पडद्याच्या मागच्या अंगाला चाळीचा लांबच्या लांब ओटा होता. तिथे बायका बसत. खोलीत पोर झोपलेलं, चुलीवर काहीतरी चढवलेलं, कुणाची तांदूळ निवडायची परात मांडीवर. ओटा सोडून मैदानात जाणार कशा? पडदा पातळ, मागूनही चित्र स्वच्छ दिसायचं. फक्त उलटं दिसायचं. मागून बघणाऱ्यांच्या सिनेमात सगळी माणसं डाव्या हातानं जेवत, मोटारी रस्त्याच्या भलत्या बाजूनं धावत, नायिकांचे पदर उजव्या खांद्यावर असत आणि नटनट्यांची नावं कधी वाचता येत नसत. चाळीतल्या बायकांनी वर्षानुवर्षं असेच सिनेमे पाहिले होते. उलटं बघायची त्यांना इतकी सवय झाली होती, की हे उलटं आहे याचाच त्यांना विसर पडला होता. आणि पुरुषांपैकी कुणी कधी त्या बाजूला जाऊन बसलाच नव्हता.

अठ्ठ्याऐंशीच्या गणपतीत शशिकांतनं एक हेरगिरीचा सिनेमा निवडला. तो कल्याणला जेमतेम आठवडाभर चालला होता आणि यानं तो तिथे दोनदा पाहिला होता. लधारामनं त्याला परोपरीनं समजावलं. "साईं, वो मत लो. पंधरा वेळा मशीनवर चढवली मी ती पिक्चर, मला अजून समजली नाही. पब्लिक मला शिव्या देते." शशिकांत म्हणाला, "तीच पाहिजे."

लधारामचं काही चुकलं नव्हतं. त्या सिनेमात एका शास्त्रज्ञानं लावलेला शोध एका फिल्मवर होता, ती फिल्म एका बाहुलीत होती, बाहुली चोरीला गेली होती, आणि तशाच आणखी तीन बाहुल्या होत्या. शास्त्रज्ञाची मुलगी नाव बदलून हॉटेलात गात होती. एक सरकारी हेर होता आणि हुबेहूब त्याच्यासारखा दिसणारा शत्रूचा एक माणूस होता. खरा हेर शत्रूच्या गोटात शिरायला नकली बनून जायचा, नकली त्या मुलीला फसवायला खरा बनून यायचा, आणि एकदा तर खरा हा 'आपण खऱ्याचं सोंग घेतलेला नकली आहोत' असं सोंग घेऊन आला. मध्ये खोट्या दाढ्या, पुठ्ठ्याची पाणबुडी आणि बर्फातली गाणी. एवढ्या गदारोळात प्रेक्षकाला हातात धरायला एकच दोरी दिलेली होती. सुरुवातीला हेरखात्याचा म्हातारा साहेब बजावून सांगतो, "याद रखना, असली के बायें गाल पर तिल है, नकली के दायें पर."

दोघांचे स्वभाव मात्र वेगळे होते. एक जण गोडबोल्या; गाणी म्हणणारा, फुलं आणणारा. दुसरा तिच्यासमोर आला की चहा सांडायचा आणि वाक्य अर्धं सोडून द्यायचा. शेवटी गोडबोल्या दरीत पडतो आणि ती चहा सांडणाऱ्याचा हात धरून बोटीत बसते. मैदानातून पाहिलं की तीळ सांगायचा, चहा सांडणारा तोच खरा. कल्याणच्या थेटरात शशिकांतच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. त्या माणसाच्या जागी तो स्वतःला बघत होता, हे काय वेगळं सांगायचं.

आता त्याचा बेत ऐका. सिनेमाच्या संध्याकाळी आरतीनंतर प्रसाद वाटताना तो वृंदाला म्हणाला, "आज सिनेमा नीट बघा. उद्या मला एवढंच सांगा, शेवटी तिनं बरोबर माणूस निवडला का."

"परीक्षा घेताय का?" वृंदानं विचारलं.

"नाही हो, सहज."

ती 'बरोबर निवडला' म्हणाली, की तिला आपल्यासारखा माणूस चालेल असा अर्थ. मग शशिकांत दोरीवर लाल टॉवेल वाळत घालणार. तो टॉवेल दिसला की आत्यानं चांगली साडी नेसून चौबळांकडे जायचं आणि विष्णुपंतांजवळ शब्द टाकायचा. लधारामच्या सिनेमापेक्षा हे काही सोपं नव्हतं, पण शशिकांतला ते निर्धोक वाटत होतं. उत्तर कसंही आलं तरी 'नाही' म्हणून कुणी तोंडावर सांगणार नव्हतं.

सकाळी कामाला निघालेली वृंदा नळापाशी त्याला भेटली. तिनं आपण होऊनच विषय काढला.

"बघितला तुमचा सिनेमा. चुकीचा माणूस निवडला तिनं. बिचारी फसली. जन्मभर आता त्या माणसाबरोबर काढायचा."

"नक्की?" शशिकांतनं विचारलं.

"नक्की म्हणजे काय, आम्ही सगळ्याच हळहळलो रात्री." आणि ती स्टेशनाकडे गेली.

शशिकांत हातातला लाल टॉवेल घडी घालून तसाच घरात घेऊन आला. आत्या खिडकीपाशी कांजीवरम नेसून बसली होती. त्याचा चेहरा बघून ती उठली, साडी सोडली आणि चहाचं आधण ठेवलं.

त्या दिवसापासून त्याचे योगायोग बंद झाले. तो वृंदाच्या वाटेला जाईना. ती दिसली तर पायाखाली बघून निघून जायचा. चाळीत मात्र तो सिनेमा संपलाच नव्हता. घराघरात वाद चालू होता. बायका म्हणायच्या, नकलीनं तिला पळवलं. पुरुष म्हणायचे, अगं, तोच खरा. भीमरावांनी जाहीर करून टाकलं की बायकांना हेरगिरीतलं काही कळत नाही. त्यांच्या बायकोनं सांगितलं की पुरुषांना माणसांतलं काही कळत नाही. 'तू कुठून बघितलास' हे मात्र कुणी कुणाला विचारलं नाही. शशिकांत या वादात असता तर कदाचित त्याच्या डोक्यात प्रकाश पडला असता. पण तिळाचा सिनेमा एवढं नाव जरी निघालं तरी तो उठून जायचा.

हिवाळ्यात विष्णुपंतांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. वृंदाची रजा संपली, आणि दिवसा डोळ्यात औषध घालायचं कुणी, हा प्रश्न आला. आत्याचे हात थरथरत. शशिकांतची तेव्हा दुसरी पाळी असायची, दुपारपर्यंत तो घरीच. आत्या म्हणाली, "तू जा." तो गेला. वृंदा त्या वेळी घरी नसते, म्हणूनच गेला.

पहिल्या दिवशी विष्णुपंतांनी डोळा इतका घट्ट मिटला की औषध गालावरून मानेत गेलं. वर शशिकांतलाच शिव्या. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी शशिकांतनं बाटली खाली ठेवली. "विष्णुपंत, डोळा उघडा. मला हे जमत नाही, आणि तुम्ही आणखी अवघड करताय." असं बोलल्यावर तो स्वतःच दचकला. विष्णुपंतांनी काळ्या चष्म्याआडून त्याच्याकडे पाहिलं, चष्मा काढला, मान मागे टाकली आणि डोळा उघडला. मग हे रोजचंच झालं. औषध झालं की तो त्यांना पेपर वाचून दाखवायचा. म्हाताऱ्याला आधी निधनवार्ता लागायच्या, मग अग्रलेख. अग्रलेखावर दोघांची जुंपायची. शशिकांतला नवल वाटायचं, या घरात आपल्याला काही मिळवायचं नाही, म्हणून आपण किती सोपं बोलतो.

एकदा वृंदा अर्ध्या दिवसाची रजा घेऊन अचानक घरी आली. शशिकांतनं तिला दारात बघितलं आणि लगेच चपला पायात सरकवल्या. "दुपारचं औषध घातलंय. संध्याकाळचं राहिलंय," एवढं बोलून तो निघाला. पुढे कधी त्यांच्याकडून वाटीभर साबुदाण्याची खिचडी यायची, कधी नारळाच्या वड्या. शशिकांत म्हणायचा, उपकार फेडताहेत. आणि त्याला ती खिचडी गिळवायची नाही.

जुलैत उल्हास नदी मांजर्लीत शिरली. वृंदा अंबरनाथला अडकली होती. चाळीत गुडघ्याच्या वर पाणी आलं तेव्हा शशिकांतनं विष्णुपंतांना पाठुंगळीला मारलं आणि शाळेच्या माडीवर नेऊन ठेवलं. म्हातारा वाटभर त्याच्या कानाशी ओरडत होता की माझा चष्मा राहिला. दुसऱ्या दिवशी वृंदा आली तेव्हा शशिकांत आपल्या खोलीतला गाळ उपसत होता. त्यानं बाहेर येऊन तिला भेटायचं टाळलं.

गणपती जवळ आले आणि बायकांनी मागणी केली, सिनेमा तोच आणा, एकदाचा निकाल लागू दे. पुरुषही तयार झाले. शशिकांतनं लाख कारणं दिली, कुणी ऐकलं नाही. त्यातच आत्यानं बातमी आणली. डोंबिवलीचं एक स्थळ वृंदाला बघायला येणार होतं, विसर्जन झालं की लगेच. मुलगा बँकेत आहे, घर स्वतःचं आहे. शशिकांत म्हणाला, "चांगलं आहे."

सिनेमाच्या दिवशी वारा सुटला होता. पुठ्ठ्याची पाणबुडी बुडाली तेवढ्यात पडद्याचा एक बांबू कलला आणि पडदा फडफडू लागला. लधाराम मशीनमागून ओरडला, "अरे, कोई पीछे से रस्सी पकडो यार." कार्यवाह म्हणून धावायचं शशिकांतनंच. तो पडद्यामागे गेला, सुटलेली दोरी हाताला गुंडाळली आणि बांबू खेचून धरला. लगेच ओट्यावरून बायका कावल्या, "बाजूला बस, दिसत नाही." तो दोरी धरून तसाच ओट्याच्या पायरीशी खाली बसला. पायरीच्या वर दोन हातांवर वृंदा होती. हे त्यानं बसल्यावर पाहिलं. आता उठायची सोय नव्हती.

म्हणून तो मुकाट्यानं पडद्याकडे बघू लागला. म्हातारा साहेब आठवण करून देत होता, "असली के बायें गाल पर तिल है." पडद्यावर चहा सांडणारा आला. त्याच्या उजव्या गालावर तीळ होता.

शशिकांतनं डोळे चोळले. मग गोडबोल्या आला, गाणं म्हणू लागला. त्याच्या डाव्या गालावर तीळ. तो डाव्या हातानं बाजा वाजवत होता. मागे हॉटेलची पाटी होती आणि तिच्यावरची अक्षरं उलटी होती. शशिकांतनं हळूच स्वतःच्या गालांना हात लावून पाहिला, डावा कुठला, उजवा कुठला.

"वृंदा," तो मान न वळवता म्हणाला, "गेल्या वर्षी तुम्ही इथूनच बघितला होता?"

"आम्ही कायम इथूनच बघतो."

"इथून तीळ उलटा दिसतो."

वृंदानं पडद्याकडे बघितलं, हॉटेलच्या पाटीकडे बघितलं. "अगंबाई, म्हणजे तोच खरा? तो चहा सांडणारा?"

"तोच खरा. मी गेल्या वर्षी तुम्हाला विचारलं होतं ना, तिनं बरोबर माणूस निवडला का. मला त्यातून दुसरंच विचारायचं होतं." इथे नेहमीच्या शशिकांतनं एक वळण घेतलं असतं. पण दोरी हाताला काचत होती, वारा पडदा ओढत होता, आणि डोंबिवलीची माणसं यायला किती दिवस उरलेत हे त्याला पाठ होतं. "तुम्ही माझ्याशी लग्न कराल का?"

शेजारच्या परातीतला तांदूळ निवडायचा थांबला. चार खोल्यांतल्या बायकांच्या माना वळल्या. आयुष्यात पहिल्यांदा या माणसानं काहीतरी सरळ मागितलं होतं, आणि तेही अख्ख्या ओट्याच्या देखत. 'नाही' आलं तर तोंड लपवायला जागा नव्हती, आणि दोरी सोडून पळताही येत नव्हतं.

वृंदा म्हणाली, "उद्या सकाळी बाबांना येऊन विचारा. आत्यांना घेऊन या, पण बोला तुम्ही." आणि मग, "डोंबिवलीला मी कळवते."

सिनेमा कधी संपला ते शशिकांतला कळलं नाही. सकाळी तो गेला आणि त्यानं विचारलं. विष्णुपंत म्हणाले, "हो, घेऊन जा. पण पेपर वाचायला येत जा."

लग्न झालं. काही वर्षांनी ती दोघं विष्णुपंतांना आणि आत्याला घेऊन बदलापूर पूर्वेला फ्लॅटमध्ये राहायला गेली. शशिकांत बराच सुधारला, म्हणजे आता तो एकच गल्ली फिरून यायचा. तिळाची गोष्ट मात्र त्याची हातखंडा होऊन बसली. घरी कुणीही आलं की तो ती रंगवून सांगायचा, आणि शेवटी कपाळावर हात मारून म्हणायचा, "त्या एका तिळापायी आमचं एक वर्ष फुकट गेलं हो." लोक पोट धरून हसायचे. वृंदाही हसायची आणि चहा टाकायला आत जायची.

शहाण्णवच्या थंडीत विष्णुपंत गेले. दहा-बारा दिवस घरात माणसांची ये-जा होती. एका संध्याकाळी भीमराव आणि त्यांची बायको भेटायला आली. वातावरण जड झालं होतं, म्हणून शशिकांतनं पुन्हा तीच गोष्ट काढली. भीमराव हसले, बरं वाटून घरी गेले. वृंदा सतरंजी आवरायला बसली. ती सतरंजीचं टोक हातात धरून तशीच राहिली.

"तुम्ही दर वेळी म्हणता, वर्ष फुकट गेलं," ती म्हणाली. "मी काही बोलत नाही. पण आज सांगते. त्या दिवशी नळावर मी 'बरोबर निवडला' म्हणाले असते ना, तरी काही झालं नसतं."

"म्हणजे?"

"तुम्ही टॉवेल वाळत घातला असतात, आत्या आल्या असत्या, आणि आम्ही नाही म्हणून सांगितलं असतं. मी बाबांना आधीच बोलून ठेवलं होतं. टिपणिसांकडून विचारायला आले तर नको म्हणा."

शशिकांतनं विचारलं, "का?"

"तुमच्या त्या योगायोगांची मला धास्ती वाटायची. बाजारात तुम्ही दिसलात की वाटायचं, हा माणूस खरं कधी बोलतो, ते ओळखायचं कसं? आणि असल्या माणसाबरोबर राहायचं कसं?" ती सतरंजीवरचं सूत ओढत बोलत होती. "मग तुम्ही बाबांच्या डोळ्यात औषध घालायला यायला लागलात. मी घरी नसेन ते बघून. त्या अर्ध्या रजेच्या दिवशी मी तुम्हाला दिसायच्या बऱ्याच आधीपासून दारात उभी होते. तुम्ही बाबांशी अग्रलेखावरून भांडत होतात. माझ्याकडून काही मिळणार नाही असंच समजत होतात ना तेव्हा?"

"हो."

"तो माणूस मला आवडला. नळावरचा नाही."

एकच गोष्ट शशिकांतच्या मनात फिरत होती. म्हणजे विष्णुपंतांना सगळं ठाऊक होतं. ज्याला 'नको' म्हणून सांगायचं मुलीनं बजावून ठेवलं होतं, त्याच्याच हातात म्हातारा रोज डोळा देत होता, त्याच्याच तोंडून पेपर ऐकत होता. त्यांनी ना शशिकांतला कधी काही सुचवलं, ना मुलीजवळ त्याची शिफारस केली. नुसती मान मागे टाकून वाट बघितली.

शशिकांत सतरंजीवर वृंदाच्या शेजारी बसला आणि रडू लागला. विष्णुपंत गेल्यापासून आल्यागेल्याला तोच धीर देत होता; रडला तो आज पहिल्यांदा.